सागाच्या फळीवर सुटलेली बंदूक

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या नेमबाजी क्लबातल्या चारही छऱ्याच्या बंदुका पोलिसांनी उचलून नेल्या. त्यांनी परवाना मागितला, आमच्याकडे नव्हता. असल्या बंदुकीला तो लागतो की नाही, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ठाण्यात म्हणत कचेरीत विचारा, कचेरीत म्हणत ठाण्यात. राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलेलं; त्यामुळे जे व्हायचं ते याच खेपेला. काळजीने मला जेवण जाईना.

क्लब चालवणाऱ्या निवृत्त सुभेदारांना आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांनी कुठूनसं नियमांचं पुस्तक पैदा केलं. त्यात लिहिलं होतं, पाच फुटांवरून मारलेला छर्रा इंचभर जाडीच्या मऊ लाकडातून आरपार गेला, तर ते शस्त्र, नाहीतर नाही. म्हणजे बंदूक हवी असेल तर ती कुचकामी आहे हे दाखवा!

ठाण्याच्या अंगणात चाचणी ठरली. फळी आणली हवालदारांनी. आमच्या मुलखातला सुतार फळी मागितली की सागाचीच देतो. मास्तरांनी तिच्यावरून हात फिरवला आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. मऊ लाकडाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

"मार वं पोरी," मास्तर म्हणाले. छर्रा सागात रुतून बसला.

हवालदारांनी फळी उलटून पाहिली. "हे तं काहीच नाही करून राहिली! हिले बंदूक कोन म्हनते गा?"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. 'शस्त्र नव्हे' असा शिक्क्याचा कागद आणि बंदुका घेऊन आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सायकल दामटत आमच्या सरावाच्या रेंजवर गेले. रेंज सरकारी. बंदुका जप्त झाल्याचं फाटकावरच्या बाबूच्या कानावर गेलं होतं; त्याने कागद मागितला आणि दोनदा वाचला.

"इथं फक्त शस्त्र चालवाची परवानगी हाये. तुमच्याजवळ शस्त्र नाही, असं लेखी हाये. मंग आत कायले सोडू तुमाले?"

"परवाना काढून आणला तर?"

"जे शस्त्रच नाही त्याचा परवाना कोन देईन, बाई?"

करायला गेलो गणपती, झाला मारुती. मी संतापाने तिथेच रडले. बाबूने पाण्याचा गिलास पुढे केला. माणूस वाईट नव्हता, त्याला वाचता येत होतं एवढंच.

घरी सराव करावा तर नेमाच्या दहा मीटर अंतरात न्हाणीघर आडवं येई. निवडीपर्यंत मी नुसती बंदूक खांद्याला लावून भिंतीकडे पाहत उभी राहायचे.

निवड पुण्याला झाली. तिथे कागद कुणी विचारलाच नाही. पहिल्या दहा छऱ्यांतच माझे दोन बाहेर गेले. तिघी घेतल्या, मी चौथी आले. माझ्यापेक्षा त्या सरस होत्या, असं मला आजही वाटत नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मला राखीव म्हणून ठेवलं होतं, आणि खाली सूचना होती की राखीव खेळाडूने सरकारी रेंजवर रोज सराव करत राहावा.