भिंत हिरवी हाय

इतवारीत एका धान्याच्या गोदामावर, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत, टिनाची एक खोली हाय. प्रयागबाई तिथं राह्यते. भिवापूरकडची बाई. गोदामाची झाडलोट तिची, टाकी भरणं तिचं, म्हणून खोली तिची. गोदामाच्या शेठनं अठरा वर्षांत खोलीचा कागद केला नाही अन् निघ म्हणूनही म्हटलं नाही. नवरा रुपराव खाली चौकात हातठेला ओढते.

या बाईचा सांगण्यासारखा गुण एकच: सोपवलेली चीज ती मरू देत नाही. गावात एकदा शेजारणीनं दोन दिवसांसाठी शेळी बांधून देली अन् चार महिने फिरकली नाही. आली तेव्हा शेळीसंगं दोन पिल्लं दाव्याले होती.

दोन वर्षांआधी मुग्धा नावाची चित्रकार पोरगी गच्चीवर आली. तिनं कठड्याजवळ लोखंडी खांब उभा केला अन् त्याच्या डोक्यावर एक डब्बा बसवला. पांढऱ्या थाळ्या एकीवर एक रचल्यासारखा. तो ऊन मोजे, वारा मोजे, हवेतली ओल मोजे. ते आकडे कॉम्प्युटरले जात अन् तिथला एआय दर दहा मिनिटाले शहराचं नवीन चित्र काढे. समोरच्या चौकात एका इमारतीची अर्धी भिंत झाकणारा पडदा होता, त्याच्यावर ते दिसे. हवा थंडी असली तं हिरवं-निळं, संत्र्याच्या बागा, भरलेला तलाव. तापली की लाल. पानं झडलेली झाडं, रिकामे रस्ते. कोणी हातानं काढत नसे, अन् गेलेलं चित्र पुन्हा येत नसे.

जातानी मुग्धा म्हणाली, "मावशी, याच्यावर लक्ष ठेवा हं. हा तापला की भिंत तापते."

"बेफिकर जा बाई," प्रयागबाई म्हणाली.

हमालांनी त्या चित्रातून आपल्या कामाचं तेवढं उचललं. मागच्या उन्हाळ्यात रुपरावनं व्यापाऱ्यांसंगं भांडून कायदाच करून घेतला: भिंत लाल झाली की ठेले उभे. लाली उतरली की मंग चाला. शेठ लोक हसले, पण मानले. माणसाच्या तोंडाले तोंड देता येते, भिंतीसंगं कोण भांडन?

यंदा नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागला तो असा, की पहिल्याच दिवशी गच्चीवर चपलेचे तळवे चिकटले. प्रयागबाईनं डब्ब्याले हात लावला अन् चटका बसला. मुग्धाचं बोलणं तिले आठवलं. डब्बा तापू द्यायचा नाही, एवढंच तिले त्याच्यातून समजलं. गावच्या महादेवावर उन्हाळ्यात गळतं मडकं टांगतात. तिनंही मडक्याले भोक पाडलं, चिंधीची वात घातली अन् खांबाले टांगलं. तेवढ्यानं भागन नाही म्हणून घरच्या कूलरची एका बाजूची वाळ्याची ताटी उपसली अन् डब्ब्याभोवती गुंडाळली. ओल्या वाळ्यातून वारा गेला की खोली थंडी होते, तं डब्बा काहून नाही होणार?

डब्बा थंडा झाला. चौकातली भिंत हिरवी झाली.

संध्याकाळी रुपराव खाटेवर पडून म्हणाला, "कूलर काहून गरम हवा फेकून राहिला वं?"

"एक ताटी डब्ब्याले देली."

"माणूस उघडा अन् डब्ब्याले ताटी. मले बी टांग एखाद्या खांबाले."

दोघंही हसले. एवढ्यावरच ते राह्यलं.

तीन दिवस एकही ठेला उभा राह्यला नाही. "भिंत हिरवी हाय," शेठ म्हणे, "चाला." माणसं मान वर करून पाहत. भिंतीवर ढग, बागा, पाण्यानं भरलेला तलाव. खाली डांबर मऊ झालेलं, लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेले कांदे सुकलेले. रस्त्यानं जाणारे पोरंपोरी भिंतीखाली थांबून फोटो काढत.

"मले गरम होऊन राहिलं गा," लहानू म्हणाला. तो रुपरावच्या जोडीचा हमाल.

"भिंत पाह्य," रुपराव म्हणाला. "उमर झाली तुही."

"तसंच असन. माह्याच आंगात कसर हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी लहानू ठेल्याच्या सावलीत टेकला. "आता बरं हाय," म्हणाला, "घामच बंद झाला." मंग तो उठला नाही. दवाखान्यात जीव वाचला, पण बायको समोर उभी राह्यली तं तिलेच विचारे, बाई तुमी कोणाच्या?

चौथ्या दिवशी प्रयागबाई त्याच्या घरच्यांसाठी जेवण घेऊन दवाखान्यात गेली. चौकात परत आली तेव्हा दीड वाजला होता. अन् तिच्या डोळ्यादेखत भिंतीवरची बाग गेली. लाल झाडं आली, पानं नसलेली. ती धावत वर गेली. मडकं कोरडं, वाळा कडक. भरभर पाणी ओतलं अन् कठड्यावरून पाहत राह्यली. लाल चित्र गेलं, मंग एक फिकट आलं, मंग पुन्हा बाग. तलाव काठोकाठ.

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. ओला होता.

जिन्यात धापा ऐकू आल्या. शेठ. दोन वर्षांत तो या पायऱ्या चढला नव्हता.

"मडकं रिकामं झालं होतं का मघा, प्रयागबाई?"

"तुमाले कसं मालूम?"

"समोरच्या माझ्या घराच्या खिडकीतून दिसते ना. पहिल्या दिवसापासून पाहून राहिलो. म्हटलं, बाई पुण्याचं काम करते, काहून टोकावं."

"लहानू माणसं ओळखत नाही, शेठजी."

"तो पहिलेपासूनच नाजूक." त्यानं बादली उचलली अन् मडकं आपल्या हातानं काठोकाठ भरलं. "पाऊस येईपर्यंत राहू द्या हे. किती वर्षं झाली तुमाले इथं?"

"अठरा."

"मी कधी काही म्हटलं?"

"नाही."

"मंग," शेठ म्हणाला अन् कठडा धरून सावकाश उतरला.

प्रयागबाईनं खाली पाहिलं. रुपराव चण्याचे कट्टे लादलेला ठेला घेऊन चौकात शिरत होता. डोक्याचा दुपट्टा कोरडा. मधेच थांबून त्यानं कपाळावरून हात फिरवला, कोरड्या हाताकडे पाहिलं, मंग भिंतीकडे पाहिलं, अन् पुन्हा दांड्याले हात लावला.

तिनं ताटी ओढून काढली. मडकं खांबावरून उतरवलं अन् गच्चीवर आपटलं. पाणी मोरीपर्यंत पोचलंच नाही, वाटेतच सुकलं.

दहा मिनिटं काही झालं नाही. बाग तशीच. रुपराव आणखी एक खेप घेऊन आला. मंग बागेच्या कडा तांबूस झाल्या, अन् पुढच्या चित्रात एकही पान उरलं नाही. चौकात पहिला ठेला थांबला, त्याच्यामागं दुसरा. रुपरावनं दांडा खाली ठेवला. सारे भिंतीकडे पाहत होते. तो मात्र मान वळवून गच्चीकडे पाहत होता, बराच वेळ.

प्रयागबाई खोलीत गेली. शेठ निघ म्हणायच्या आधीच लुगड्यात भांडी बांधाले घेतली. तवा, पितळी डबे, रुपरावची सदरी. सामान एका गाठोड्यातच मावलं.

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. तिनं हात धुतले, माठातलं पाणी पेल्यात ओतलं अन् दाराजवळ ठेवलं. शेठ असो का रुपराव, या उन्हात तीन मजले चढून आलेल्या माणसाले आधी पाणी द्या लागते.