वानवळ्याचे सहा रुपये

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. महाळुंगे पडवळहून मंचरला सायकलीवर कॉलेजला जायचो. ज्यांनी मला शिकवलं, त्यांचे उपकार विसरलेलो नाही. पण जुन्नर तालुक्यात ज्या शाळेवर मी शिक्षणसेवक म्हणून लागलो, तिथल्या शाळा समितीच्या अध्यक्षांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि इथेही करणार नाही.

शिक्षणसेवकाला तेव्हा तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढावी लागत. पुढे कायम व्हायचं, तर समितीचा शेरा चांगला हवा. माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं.

चौथीच्या मुलांना मी पैशांचे व्यवहार शिकवत होतो. पुस्तकातला नफा-तोटा त्यांना पाठ होता, पण दुकानदाराकडून सुटे मोजून घ्यायला ती लाजायची. मोठ्या माणसाकडे पैसे मागायचे नसतात, हे घरोघरी पक्कं केलेलं. म्हणून पटांगणात मुलांचा बाजार भरवला. घरचा माल आणायचा, भाव पाटीवर लिहायचा, आधी पैसे घ्यायचे मगच माल द्यायचा.

"घेणारा कुणी बी असला तरी?" एका मुलीनं विचारलं.

"कुणीही असला तरी."

उद्घाटनाला अध्यक्ष आले. त्यांनी नारळ फोडला आणि खिशातली पिशवी झटकून उघडली. इथून मेथीची जुडी, तिथून ओंजळभर शेंगा. गावातल्या मोठ्या माणसाला वानवळा द्यायचा असतो, त्याचे पैसे कुणी घेत नाही. मुलं मुकाट देत होती. त्या मुलीच्या पोत्यावरच्या तीन काकड्या त्यांनी उचलल्या, तशी ती उभी राहिली.

"आण्णा, सहा रुपये झाले."

"कुणाची गं तू?" तिनं बापाचं नाव सांगितलं. "आगं, तुमची मेंढरं कुणाच्या रानात बसत्यात? आन् मलाच पैसे मागती व्हय?"

"मेंढरांचं येगळं, आण्णा. ह्ये काकड्यांचं हाय."

जमलेले पालक खो खो हसले. ते हसणंच त्यांना झोंबलं. काकड्या पोत्यावर आपटून ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, ह्ये शिकिवता व्हय पोरास्नी? गावाची इज्जत काढायला?"

"भाव पाटीवर लिहिलाय, आण्णा," मी म्हणालो.

"लई शाणे झाला राव तुमी. कायम व्हायचंय ना?"

एवढं बोलून ते निघून गेले. मेथी आणि शेंगा घेऊनच.

संध्याकाळी मुलीचा बाप खोलीवर आला. आत ये म्हटलं, तरी आला नाही. "गुरुजी, तुमी जाल बदलून," तो म्हणाला. "आमाला हितंच राहायचंय." आणि तो उंबऱ्यावरूनच माघारी वळला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तोडगा आणला. मुलीनं चूक केली, असं मी वर्गात सांगायचं. शेरा ते चांगला लिहून घेतील. "एका वाक्यानं काय बिघडतं हो? तुमच्या घरच्यांचा विचार करा." माझ्या वडिलांनी मला शिकवताना काय काय सोसलं, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी माझ्यावर रोखलं.

तास सुरू झाला, तसे मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मुलगी कुणी न सांगताच उठली होती, मान खाली घालून.

"बस खाली," मी म्हणालो. "तू बरोबर मागितलेस. फळ्याकडे बघा सगळे."

शेऱ्यात 'वर्तन उद्धट' असं आलं आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं. मेंढरं मात्र अध्यक्षांनी हुसकली नाहीत. रात्री रानात बसणाऱ्या मेंढरांचं खत त्यांनाच हवं होतं. त्या वर्षात ते शाळेत आले की मी त्यांना खुर्ची द्यायचो, कारण आल्या माणसाला खुर्ची द्यावी ही माझ्या शिक्षकांची शिकवण. नमस्कार मात्र एकदाही केला नाही.