बघण्यासारखं काही नाही तिकडं

अलिबागला गेल्यावर काय बघायचं आणि काय सोडायचं, हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. मी स्वतः तिथं काय सोडून आलो, ते मात्र कुणालाच नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता एकट्यानं सोसत नाही म्हणून — खरं कारण मलाही धड माहीत नाही.

मी रांजणगावला एका कंपनीत कामाला आहे, राहायला शिरूरला. सहलीच्या बाबतीत कंपनीत माझा शब्द चालतो. कोणी कोकणात निघालं की आधी माझ्याकडं येणार. मीही मग सुटतो — कुलाबा किल्ला बघाच, पण ओहोटीची वेळ विचारून जा, म्हणजे चालत जाता येतं. आंग्र्यांच्या समाध्या वाटेवरच आहेत, उरकून घ्या. म्हाताऱ्या माणसांना कनकेश्वरच्या पायऱ्यांच्या नादी लावू नका. रेवदंड्याला ऊन उतरल्यावर जा. अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं आजोळच तिथं आहे.

आजोळ नाही. पण नातं आहे. ते मी लपवलं.

आम्ही धनगर. आता वरवंडच्या बाजूला ऊस आहे, पक्कं घर आहे. पण माझे वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — तरणेपणी मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे आणि भात निघालेल्या रानांत मेंढरं बसवायचे. शेताला लेंडीखत मिळायचं, यांना धान्य. माझ्या जन्माआधीच आप्पांनी मेंढरं विकली होती. का विकली, हे मी कधी विचारलं नाही. कंपनीत तर मी मेंढरांचं नावही काढलं नव्हतं. आमच्या सुपरवायझर साहेबांनी एकदा घरचं विचारलं, तेव्हा "आम्ही पहिल्यापासून बागायतदार" असं ठोकून दिलं. काय गरज होती? खरं सांगितलं असतं तर कोण खाणार होतं मला?

तर साहेबांचं आणि आमचं कुटुंब मिळून अलिबागला जायचं ठरलं. अर्थात सगळी आखणी माझी. आईचे गुडघे धरलेले, ती येणार नव्हती. पण ती हटून बसली की आप्पांना न्यायचंच. मला ते जड गेलं होतं, खोटं कशाला बोलू? साहेबांसमोर धोतर-टोपीतला म्हातारा मला नको होता.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. देव्हाऱ्यातल्या वाटीतला भंडारा ती एका फडक्यात बांधत होती. तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं — माझ्या आधी एक मुलगी होती. बानू. चालायला लागली होती. अलिबागच्या बाहेर मुक्काम असताना तापानं गेली. खाडीच्या पुलापलीकडं, दगडी विहिरीच्या पुढं बांधावर चिंच आहे, तिच्या खाली तिला पुरली आणि वर एक दगड ठेवला. त्यानंतर आई कधी घाट उतरली नाही. आप्पांनी मेंढरं विकली ती त्यामुळं.

"ह्यो भंडारा त्या दगडावर पडू दी," आई म्हणाली. "त्यांच्या खिशात देते मी. पर ते तुला म्हणायचे न्हाईत, चल म्हणून. तूच ने बाबा."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो.

घाटात एक कळप आडवा आला. साहेबांनी हॉर्न दाबून धरला आणि हसत म्हणाले, "हे लोक अजून असेच फिरतात का?" मी हसलो. त्यांच्याहून मोठ्यानं हसलो. मागं आप्पांनी काच खाली केली होती. मेंढरं गाडीला घासत जात होती आणि ते हात बाहेर काढून त्यांच्या पाठीवरून फिरवत होते. मी आरशातून बघितलं आणि काच वर घ्यायला सांगितली.

अलिबागला पोचल्यावर जेवताना आप्पा एवढंच म्हणाले, "त्या पुलाच्या अंगाला जायाचं का जरा?" साहेबांच्या मिसेसनी माझ्याकडं बघितलं — तिकडं काय आहे? काय सांगायचं ते माझ्या तोंडातच होतं. नुसतं बानूचं नाव घ्यायचं होतं. त्या बाईनं डोळ्याला पदर लावला असता, साहेबांनी स्वतः गाडी काढली असती — माणसं वाईट नव्हती ती. मी म्हणालो, "बघण्यासारखं काही नाही तिकडं. शेतंच आहेत." आप्पांनी मान खाली घातली आणि भात कालवायला लागले.

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंघोळी उरकत होते. आईला हो म्हणालो होतो, म्हणून मी लॉजवाल्याची स्कूटर मागून घेतली आणि आप्पांना म्हणालो, आधी रस्ता बघून येतो. त्यांना मागं बसवता आलं नसतं का? आलं असतं. ते अंगात सदरा घालून, टोपी चढवून तयारच बसले होते. पण ते तिथं गेले की बसतील, रडतील, लवकर उठायचे नाहीत, ओहोटी टळेल, साहेब विचारतील कुठं होता — असं सगळं डोक्यात. मी एकटाच गेलो.

पूल ओलांडला. विहीर होती. चिंच होती. दगडही होता, आणि त्याच्यापुढं एक जुनी पणती, तेलानं काळी झालेली. एक बाई बांधावर गवत कापत होती. मी बघतोय म्हटल्यावर आपणहून सांगायला लागली. घाटावरच्या धनगराचं लेकरू आहे तिथं. तिची सासू दिवाळीला दिवा लावायची, आता ती लावते. भाऊबंद झाड तोडायला निघाले होते, तर सासऱ्यांनी हात लावू दिला नव्हता — आईबाप कधी आले तर त्यांना जागा सापडली पाहिजे म्हणून. मग तिनं विचारलं, "तुम्ही कुणाकडं आलात?"

मी म्हणालो, "रस्ता चुकलो."

परत आलो तर आप्पा पायरीवर उभे होते. हात सदऱ्याच्या खिशावर. मी म्हणालो, "आप्पा, काही राहिलं नाही तिकडं. बंगले झालेत सगळे. झाडबिड काही नाही."

त्यांनी खिसा वरूनच चाचपला. मग हळूच म्हणाले, "पाया लई खोल घेत्यात का रं तिकडं?"

मला कळलं. ते काय विचारतायत ते मला लख्ख कळलं. आणि मी कळलं नाही असं दाखवून, एखाद्या इंजिनिअरला साजेलशा आवाजात म्हणालो, "नाही, वाळूची जमीन आहे. फार खोल नसतो."

"व्हय," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मी म्हणेन ते सगळं बघितलं. किल्ल्यात चालत आले, गणपतीला हात जोडले, समाध्या बघितल्या. कसं वाटलं विचारलं तर म्हणायचे, चांगलं हाय. साहेब खूश होते. एकही ठिकाण वाया गेलं नाही, असं ते परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले. घाट चढताना आप्पा डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी फडकं आईच्या हातात परत दिलं. गाठ सुटली नव्हती, पण खिसा पिवळा झाला होता. मी सांगितलं तेच त्यांनी तिला सांगितलं. मला वाटलं आई ओरडेल, ऊर बडवेल. ती फडकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं म्हणायचं. माणसं राह्याला आली. पोर एकटी न्हाई." मग उठून तिनं भंडारा परत वाटीत ओतला.

आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. आपली पोर कुणाच्या तरी बंगल्याच्या पायाखाली आहे, असं समजून ते गेले. आई माझ्याकडं शिरूरला असते. तिला खरं सांगावं, असं मनात येतं. पण सांगू काय? की झाड आहे, दगड आहे, परक्या बायका दिवा लावतात, आणि आप्पा तिथून हाकेच्या अंतरावरून रिकामे परत आले — माझ्यामुळं? माझ्या खोट्यावर तिनं आपल्या मनाची समजूत घातली आहे. खरं सांगितलं तर ती समजूतही जाईल. आता तिला खोलीबाहेर न्यायचं तर दोन माणसं लागतात, घाट कुठला उतरवणार?

सकाळी कामाला निघालो की मी तिच्या पलंगाशी वाकतो. ती चाचपडत वाटी ओढते आणि माझ्या कपाळाला भंडारा लावते. त्याच वाटीतला. रोज.

परवा कंपनीच्या बसमध्ये एका नव्या पोरानं विचारलं, अलिबागला चाललोय, काय काय बघू? मी सगळं सांगितलं. किल्ला, ओहोटी, समाध्या, रेवदंडा. त्यानं मोबाईलवरच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आन् ह्या पुलाच्या पलीकडं?"

कपाळ पुसायला माझा हात वर गेला होता. मी तो खाली घेतला आणि म्हणालो, तिकडं काही नाही.