सीना न ओलांडता पोचलेले पैसे

उपकार कुणाचे ते आधी सांगतो, बाकीचं मागून. इंदापूरच्या एका केळीवाल्या मावशीचे. नात्यानं ती माझी कुणी नव्हे. त्या दिवसापर्यंत मी तिला पाहिलंही नव्हतं.

माझं गाव सीना नदीच्या पलीकडं, परांड्याच्या बाजारापासून दोन कोसांवर. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला मी बारामतीजवळच्या काटेवाडीच्या एका बागायतदाराकडं उसाला पाणी धरायला लागलो. पहिल्या दिवशी पाटाच्या काठावर नुसता उभा राहिलो होतो. आमच्याकडं पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागे; इथं ते आपण होऊन शेतात चालत येत होतं.

पाण्यासारखा पैसाही वेगळा. निजाम गेला होता, पण त्याचा हाली रुपया आमच्या बाजारात अजून चालत होता. इकडं, नदीच्या अलीकडं, सरकारी कळदार रुपया. सहा कळदारांना सात हाली, हा भाव पोराटोरांना ठाऊक. पण त्या भावानं रुपये हातात कधी पडत नसत. मधे सराफ बसलेला, आणि बदलून देताना तो कापून घ्यायचा तो बट्टा. कळदार तसेच नेले तर तिकडचा सराफ याहून जास्त कापायचा.

त्या वर्षी वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ताट पुढं सरकवलं तरी त्यांना हातानं चाचपावं लागे. आईचा सांगावा आला, परांड्याला डोळ्यांचा डॉक्टर येणार आहे, त्याच्या आधी पैसे पोचले पाहिजेत. मालकांनी पगार आगाऊ दिला, पण म्हणाले, "लागणीचे दिवस हायत. गावाला न्हाय जायचं. सांजच्याला परत पायजेस."

मी बारामतीहून येणाऱ्या मोटारीनं इंदापूर गाठलं. हाली बदलून घ्यायचे आणि बाजारात आमच्या बाजूचं कुणी भेटलं तर त्याच्या हाती धाडायचे, एवढाच बेत. कुणी भेटलं नाही तर काय, हे ठरवलंच नव्हतं.

सराफाच्या पायरीवर माझ्यापुढं एक बाई बसली होती. तिनं हाली नोटा दिल्या, सराफानं बट्टा कापून कळदार दिले, आणि ती ते कनवटीला लावू लागली. मग माझा नंबर. माझ्या पैशातून बट्टा कापून त्यानं माझ्या हातावर हाली नोटा ठेवल्या. वरच्या नोटेवर काळपट डाग होता.

"थांब रं लेकरा," बाई म्हणाली. "ही तर माझी नोट! ह्यो केळीच्या चिकाचा डाग. परांड्याला माझ्याच हातनं पडलाय."

सराफ हसला. "मग काय झालं, मावशी? आज तुमची, उद्या त्याची."

"व्हय. पण माझ्याकडनं घेताना बट्टा, आन् ह्याला देताना बट्टा. नोट गादीवरनं उठली तरी का ओ, तात्या?"

"दुकान चालवायचंय मला."

"चालवा की! आमच्या बट्ट्यावर दोन मजले चढवलेत, तिसराबी चढवा."

सराफासकट सगळे हसले. मावशीनं माझ्या हातातल्या नोटा परत गादीवर ठेवल्या, आणि त्यानं कुरकुर न करता माझे कळदार मला परत दिले. मावशीनं मला बाजूला घेऊन सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "परवा मी परांड्यालाच चाललेय कच्ची केळी घेऊन. तितं मला हालीच मिळणार. ते हितं आणून कापून घ्यायचे, त्यापरीस तुझ्या आईला देते. सरळ भावानं. तुझे कळदार मला दे."

"आणि तुम्ही नाही दिले तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती रागावली नाही. "तर तुझा बाप तसाच चाचपत बसंल, आन् मला भाकरी गोड लागायची न्हाय. एखादी खूण सांग. न्हायतर तुझी आई मला दारात उभी करायची न्हाय."

लहानपणी जात्याच्या खुंट्यावर पडून माझा पुढचा दुधाचा दात गेला होता, तो खालचा दात मी खूण म्हणून सांगितला. पैसे दिले आणि रिकाम्या हातानं मोटारीत बसलो. त्यानंतर माझं ध्यान ठिकाणावर नव्हतं. पाणी एका सरीत सोडून दुसरीकडंच बघत बसायचो. मालकांच्या शिव्या रोजच्या झाल्या.

सवड मिळाली तसा पुन्हा इंदापूरच्या बाजारात गेलो. मावशीनं मला पाहिलं, पण आधी गिऱ्हाइकाला फणी मोडून दिली. मग म्हणाली, "तुझी आई म्हणती, खालचा न्हवं, वरचा दात."

मी तिच्या टोपलीशेजारीच बसलो.

"पैसं पोचलं. तुझ्या बापाच्या डोळ्यांची पट्टी सोडल्यावर परत गेलते."

"परत कशाला?"

"बघायला."

"बाजारापासून दोन कोस? चालत?"

"न्हाय, मला न्यायला पालखी धाडली होती!" ती हसली. "तुझा बाप ओट्यावर बसलेला. म्हणतो कसा, बाई, लुगड्यावर शाई सांडली का काय?"

मी तिच्या लुगड्याकडं पाहिलं. ओच्यापासून गुडघ्यापर्यंत चिकाचे डाग. ते वडिलांना दिसले होते. माझे रुपये इंदापूरच्या पुढं गेलेच नव्हते. नदीच्या काठालासुद्धा लागले नव्हते. आणि तिकडं ओट्यावर बसलेल्या माणसाला डाग दिसत होते.

"उपकार कसले? माझाबी बट्टा वाचला," ती म्हणायची. पण त्या दोन कोसांत तिचं काय वाचलं?

आता हाली बंद झाले. मावशीच्या बागेतली केळी पुण्याकडं जातात, आणि मी अजून काटेवाडीलाच पाणी धरतोय. पण मावशी, एकदा वडिलांना परांड्याच्या बाजारात घेऊन जाणार आहे. तुमच्यासाठी लुगडं घेईन. दुकानात उजेडाला धरून रंग आणि काठ त्यांनीच निवडायचा, मी मधे बोलणार नाही. ते घेऊन मी स्वतः तुमच्या बागेपर्यंत चालत येईन. त्यावर डाग पडायचे ते पडू देत.