अनुभवाचा रकाना

आमच्या कासारवाडीच्या घरात नोकरी म्हणजे पर्मनंट. पप्पा पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं पर्मनंट होते, त्यामुळे कंत्राटावरचं काम त्यांच्या लेखी कामच नव्हतं. मी तीन वर्षं रोज सकाळी सहाची कंपनीची बस धरून चाकणला जात होते, आणि पाहुणे आले की आई सांगायची, "सध्या घरीच आहे. अभ्यास करते."

अभ्यास करत होते हेही खरंच. आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एम.ए. केलं होतं आणि परराष्ट्र सेवेचं खूळ डोक्यात होतं. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न वाया गेल्यावर मी इंटर्नशिप धुंडाळू लागले. बहुतेक दिल्लीत, बिनपगारी, राहण्याखाण्याचं आपलं आपण बघायचं. एक फेलोशिप तेवढी जमण्यासारखी होती. वर्षभर दिल्लीत काम, आणि पुढे एखाद्या वकिलातीत शिरकाव होण्याची शक्यता. अट एकच, वय तिशीच्या आत हवं. माझं ते शेवटचं वर्ष होतं. बसमध्ये बाकीचे झोपायचे आणि मी मोबाईलवर निबंध लिहीत बसायचे. आता आठवलं तरी मान दुखते.

अर्जात अनुभवाचा रकाना होता. तिथे मी "नाही" लिहिलं. फार विचारही केला नाही.

एम.ए. करता करता जपानी शिकले होते, त्या जोरावर चाकणला मी कंत्राटावर दुभाषी होते. जपानी इंजिनिअर आणि लाइनवरचे कामगार यांच्या मधोमध दिवसभर उभं राहायचं, आणि दोन्हीकडचा राग आधी आपण ऐकायचा. एकदा वेल्डिंगचा रोबो बंद पडला. इंजिनिअर एकच विचारत होता, हे कोणी केलं? लाइनचा लीडर परभणीकडचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्याडम, नाव सांगितलं की त्या माणसाचं कंत्राट जातंय बघा." मी इंजिनिअरला विचारलं, तुम्हाला माणूस हवाय की बिघाड? तो बिघाड म्हणाला. नाव विचारणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि मग लीडरला सांगितलं. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. जेवणाच्या सुट्टीआधी लाइन सुरू झाली, आणि मान कोणालाच खाली घालावी लागली नाही. घरी येऊन मी पुस्तकातलं मध्यस्थीचं प्रकरण उघडलं आणि पेन्सिलीने खुणा करत बसले. केवढी मूर्ख होते मी.

मुलाखत ऑनलाइन झाली, गुरुवारी, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. पॅनेलवरच्या बाईंनी फार सौम्यपणे विचारलं की, एम.ए.नंतरची ही तीन वर्षं रिकामी दिसतात, तेव्हा काय करत होता? मी म्हणाले, "घरीच होते. अभ्यास करत होते." आईचंच वाक्य, आईच्याच सुरात. मग त्यांनी विचारलं की, दोन पक्षांत तुम्ही स्वतः कधी समेट घडवलाय का? मी एका जुन्या तहाची सगळी कलमं म्हणून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि आभार मानले.

नकाराची मेल इंग्रजीत आली. पप्पांनी चष्मा लावून ती पाहिली आणि मराठीत सांग म्हणाले. कोणतीही गोष्ट मऊ करून सांगायची मला सवयच लागली होती, पण त्या दिवशी अंगात तेवढा जीव नव्हता. मी सांगितलं, "अभ्यास चांगला आहे म्हणतात. पण कामाचा अनुभव नाही."

"मग रोज सकाळी जातेस ती कुठं?"

"ते पर्मनंट नाही ना, पप्पा."

ते चष्म्याची घडी घालून बराच वेळ तो हातातच धरून बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघून तो धरवतही नव्हता.

दीड-दोन महिन्यांनी भोसरीची आत्या आली. पोरगी काय करते सध्या, असं तिने विचारलं. आईने तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पाच म्हणाले, "कामाला आहे. चाकणला, तीन वर्षं झाली. जपानी साहेबांना आणि आपल्या माणसांना एका जागी बसवते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये हेच लिही."

मी हो म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. आदल्याच आठवड्यात मला तीस वर्षं पूर्ण झाली होती. ती वयाची अट मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती.