काटा पडत होता

गडमुडशिंगीचा अबुजर शिकलगार फवारणी पंप दुरुस्त करायचा आणि कुठं कुणी बुडालं की बचाव पथकाबरोबर पाण्यात उतरायचा. मालवणात राहून तो पाणबुड्याचं काम शिकला होता. उतरण्याआधी नळ्यांचं रबर, चष्म्याचा पट्टा, जाकिटात हवा टिकते का, सगळं बघायचा. पथकातली पोरं त्याला ‘म्हातारी’ म्हणायची.

मार्चात गावाबाहेरच्या दगडाच्या, पाण्यानं भरलेल्या खणीत एक मुलगा बुडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पथक आलं, कॅमेरेवालेही आले. अबुजरनं सिलिंडर उघडला, नळी तोंडात धरली आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवून श्वास घेतला. काटा खाली पडला, सोडल्यावर परत वर आला. त्यानं चावी पुरती उघडली. तरी काटा पडतच होता.

“हवेच्या वाटंत घाण अडकलीया,” तो पथकप्रमुख विजयसिंहांना म्हणाला. “दुसरा संच पन्हाळ्यावर हाय. दोन तासांत येतोय. पोरगं कालच गेलंय, आता घाई कशाला?”

“भ्यालास म्हण की!” विजयसिंह मोठ्यानं म्हणाले. काठावरची माणसं हसली.

सयाजी पुढं आला. अबुजरनंच शिकवलेला. त्यानं नळीतून चार श्वास ओढले. “येतंय की वारं!”

“हितं येतंय. खाली पुरायचं न्हाय.”

“म्हातारी, तू बस सावलीत.”

परत हशा झाला. अबुजरचं तोंड तापलं. “जा मग,” तो म्हणाला, आणि सयाजीच्या पाठीवरचा पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं आवळला.

बुडबुडे थोडा वेळ आले. मग सयाजीच्या कमरेच्या दोरीला दोन हिसके बसले. सगळ्यांनी ओढली, पण ती खाली कुठंतरी अडकली होती. अबुजरनं तशीच उडी टाकली, तीनदा बुडी मारली. खणीची चाळीस फूट खोली त्याच्या दमात बसेना.

पन्हाळ्याचा संच आल्यावर त्यानं तो शांतपणे पूर्ण तपासला. आता कुणी हसलं नाही. तो खाली उतरला. सयाजी दगडाशी अडकला होता, नळी तोंडातून सुटलेली.

विजयसिंहांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, “तपासणी अबुजरची हुती.” चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला, सयाजीच्या फोटोशेजारी विजयसिंहांचा, त्याच्या दुप्पट. अबुजरला पथकातून काढलं.

महिन्यानं तो सयाजीच्या आईकडं, धोंडूबाईकडं गेला.

“तुला ठावं हुतं म्हणं?” तिनं विचारलं.

“व्हय मावशी. सांगितलं हुतं मी.”

“आणि मग?”

“मला हसले. मला राग आला. पट्टा मीच आवळला.”

तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, “दर सोमवारी येत जा. तुझं तोंड दिसलं की ध्यानात राहतंय, कसा गेला त्यो.”

अबुजर जातो. ती दार उघडते, त्याचं तोंड बघते आणि आत जाते.