पिना मारलेला लेख

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दिवाळी अंकांची योजना होती. अठरा घरं, अठरा अंक. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. तिच्यावर फ्लॅट नंबर, तारीख, सही आणि शेवटच्या रकान्यात शेरा. दर सोमवारी अंक पुढच्या घरी गेलाच पाहिजे. ही योजना पहिल्या मजल्यावरच्या काकू चालवायच्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी कळवलं नसावं. सोमवारी अंक पोचला नाही तर मंगळवारी सकाळी सातला दारावरची बेल वाजायची.

बँकेने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा मी पहिल्या फेरीतच अर्ज देऊन टाकला. शाखेत संगणक आले होते आणि माझ्या टेबलावर पेपरवेटखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. घरी बसल्यावर लिहायला लागले. दोन-तीन वर्षं प्रवासवर्णनं आणि खुसखुशीत लेख लिहून झाल्यावर माझा मलाच कंटाळा आला. मग एका दिवाळी अंकासाठी मी बाईच्या शरीरावर लेख लिहिला. दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच. पाळी थांबत आली तेव्हा अंगात काय काय बदललं, कोरडेपणा, तो असूनही न गेलेली इच्छा, आणि तिथून मागे जाऊन लग्नानंतरची पहिली रात्र, जिच्यातलं मला दुखण्यापलीकडे काही आठवत नाही. सगळ्या गोष्टींना त्यांच्या नावाने लिहिलं. 'तसलं' आणि 'तिथलं' असले आडोसे घेतले नाहीत. याचा मला अभिमान होता, तो मी लपवणार नाही.

लेखात एक वाक्य आईवरही होतं. आईने मला यातलं एक अक्षर कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती रात्र वेगळी गेली असती, असं. बाकीच्या लेखासाठी मी दोन महिने खाडाखोड केली. हे वाक्य मात्र एका दमात उतरलं होतं.

अंक घरी आला. यांनी तो चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "यातला नवरा म्हणजे मीच ना?"

"दुसरा कोण असणार?"

"मग छापायच्या आधी एकदा दाखवायचंस."

दोन दिवस हे जेवताना टीव्हीकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी टीव्ही बंद करून म्हणाले, "खरंच इतकं दुखलं होतं?" मी हो म्हटलं. माझी मुलगी तेव्हा नुकतीच हिंजवडीच्या एका कंपनीत लागली होती. तिचं मत एका ओळीत आलं. "आई, छान आहे, पण किती माइल्ड लिहिलंयस! आमच्या ऑफिसच्या बसमध्ये मुली याच्या दुप्पट बोलतात."

सोसायटीत मात्र लेख माइल्ड ठरला नाही. त्या वर्षी योजनेतल्या अठरा अंकांत माझाही अंक होता. चौथ्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा माझ्या लेखाच्या पानांना कडेने ओळीत तीन पिना मारलेल्या होत्या. चिठ्ठीवर शेरा होता : 'घरात मुले असल्याने पाने ८४ ते ९१ बंद केली आहेत.' पाचव्या घराने लिहिलं : 'उघडली आहेत. मुले आमच्याकडेही आहेत. ती कशी झाली हे त्यांना कधीतरी कळेलच.' सहाव्याने लिहिलं : 'भाषा प्रवाही. विषय टाळता आला असता.' सातव्याने शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या होत्या, आणि त्या खरोखरच होत्या. आठव्या घरी पाने पुन्हा बंद झाली. नवव्याचा शेरा असा : 'पिना काढताना कागद फाटतो. ज्यांना बंद करायची आहेत त्यांनी यू-क्लिप वापरावी.' योजनेतून फिरत फिरत तो अंक आमच्या घरी आला तेव्हा मी ती चिठ्ठी वाचून पोट दुखेपर्यंत हसले.

काकू जिन्यात भेटल्या. "लेख वाचला तुमचा. अहो, हे सगळ्या बायकांना माहीत असतं. लिहायचं कशाला?"

"मला नव्हतं माहीत."

"तुमच्या आईंनी सांगायला हवं होतं."

"तेच लिहिलंय ना," मी म्हटलं. आणि रागात पुढे जोडलं, "एवढा त्रास होत असेल तर काढून टाका अंक योजनेतून."

"अंक कशाला काढू?" काकू म्हणाल्या. "अठरा ठरलेत म्हणजे अठरा."

एका संध्याकाळी भाजीवाल्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मेथीच्या जुड्या उलटसुलट करत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या कोरडेपणाचं डॉक्टरांना सांगायचं कसं हो? म्हणजे पहिलं वाक्य काय म्हणायचं?" मी पहिलं वाक्य सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं, मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि निघून गेल्या. त्यानंतर महिनाभर त्या मला बघितलं की जिन्यात मान वळवायच्या. मला राग आला नाही असं म्हणणार नाही, पण लेखाचं सार्थक झालं असेल तर ते त्या मेथीच्या गाडीवर झालं, असंही तेव्हा वाटलं.

या सगळ्यात एका माणसाचं मत मला नको होतं. आई पेठेत भावाकडे राहायची. हाती लागेल ते वाचायची, अगदी पुडीचा कागदसुद्धा. तिला मी सरळ थाप मारली होती की या वर्षी माझं कुठे काही आलं नाही. नवऱ्याबद्दल, स्वतःबद्दल अख्ख्या महाराष्ट्राला सांगून बसलेली मी, आईच्या हाती अंक पडू नये म्हणून भावाला बजावून ठेवलं होतं.

जानेवारीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भावाच्या घराला तीन जिने, म्हणून ती माझ्याकडे आली. दोन आठवडे वाचन बंद होतं. मी तिला रोज दुपारी पेपर वाचून दाखवायचे. काकू तिला भेटायला आल्या, चहा घेऊन तासभर बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडला तर आई म्हणाली, "तो राहू दे. तुझा लेख वाच."

"कुठला लेख?"

"जो या वर्षी आलाच नाही, तो."

मी अंक आणला आणि वाचायला लागले. लिहिताना न अडखळलेले शब्द तिच्यासमोर तोंडातून बाहेर पडेनात. बँकेचं परिपत्रक वाचावं तसं मी भराभरा वाचत सुटले. "एवढी घाई कसली? कोणी मागे लागलंय का?" ती म्हणाली. मी सावकाश वाचलं. ती काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिच्यावरचं वाक्य आलं तेव्हा मी ते गाळलं, श्वासही न घेता पुढच्या वाक्यावर गेले आणि लेख संपवला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "आणि माझ्यावरचं कुठंय?"

मी अंक मिटला. "काकू बोलल्या मला," ती म्हणाली. "तेही वाच." मी वाचलं.

तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"हे खोटं आहे," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवताचे लाडू रचायला मी तुला कोठीच्या खोलीत नेलं होतं. आठवतं?"

आठवत होतं. परातभर विखुरलेले बुंदीचे लाडू आणि आईचा ताणलेला चेहरा. मला इतकी वर्षं वाटत होतं की रुखवत वेळेत होत नाही म्हणून ती वैतागली होती.

"ते लाडू तुझ्या मावशीने सकाळीच रचले होते. मी मोडले. घरात पन्नास माणसं, तुझ्याशी एकटीशी बोलायला दुसरी जागा होती कुठे? दाराला कडी लावली, तुझ्याजवळ बसले आणि म्हटलं, लग्नानंतरच्या रात्रीचं तुला थोडं सांगायचंय."

"मग?"

"मग तू म्हणालीस, शी! आई, काहीतरीच काय बोलतेस! आणि कडी काढून बाहेर गेलीस. लाडू मी एकटीने पुन्हा रचले."

ती 'शी!' मला आठवली. शब्द आठवला, आणि तो म्हणताना नाक कसं मुरडलं होतं तेही आठवलं. मला आईकडे बघवेना. तीन महिने मी जिन्यात मान ताठ करून फिरत होते, शेरे लिहिणाऱ्यांना हसत होते. सगळ्यात आधी जिने तोंड उघडलं तिला मीच गप्प केलं होतं, आणि वर तिने तोंड उघडलं नाही असं छापून आणलं होतं.

"आई, मला माफ कर," मी म्हटलं. तिने हाताने ते बाजूला सारल्यासारखं केलं.

"काय सांगणार होतीस?" मी विचारलं.

"फार काही नाही गं," ती म्हणाली. "दुखलं तर थांबा म्हणायचं. नवऱ्यालाही म्हणता येतं. मला ते कळेपर्यंत तुम्ही दोघं भावंडं झाला होतात."